जिंकलात, पण कुणाशी?

सातपुते सर गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. मुलींच्या बेसबॉल संघानं त्यांच्या काळात मिळवलेले चषक आणि ढाली प्राचार्यांनी टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, आणि एकेक उचलून कुठलं बक्षीस कुठल्या स्पर्धेतलं, ते सांगत होते. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून लोक नुसत्या माना हलवत होते. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला आतून चीड येत होती. सर तिथं असते तर प्रत्येक चषकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला असता. "कुणाशी?"

हा प्रश्न अख्ख्या कॉलेजला माहीत होता. कुठला तरी संघ जिंकून आला आणि पोरं गुलाल उधळत गेटातून आत शिरली, की सर शांतपणे पुढं यायचे. "जिंकलात? बरं झालं. कुणाशी?" पोरांनी समोरच्या संघाचं नाव सांगितलं की ते "हं" म्हणायचे. त्या "हं"वरून गुलाल तोंडावर ठेवायचा की नळाखाली जायचं, हे पोरांना बरोबर कळायचं. प्रश्न मैदानापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण आमच्या एका सहकाऱ्यानं मुलाला दहावीला भरघोस मार्क पडले म्हणून पेढे वाटले, तर सरांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "सेंटर कुठलं होतं?" त्या गृहस्थांनी पुढं कित्येक दिवस सरांशी बोलणं टाकलं. मला एकदा काव्यवाचनात पहिला नंबर मिळाला, तेव्हा स्टाफरूममध्ये सर शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "अभिनंदन मॅडम. स्पर्धक कोण कोण होते?" मी तणतणत वर्गावर गेले. फळ्यावर कवितेचं नाव लिहिता लिहिता आठवलं, की आम्ही तिघीच होतो आणि त्यातल्या एकीचा घसा बसला होता.

आमच्या संगमनेरच्या कॉलेजात सर खेळाचे सर होते. मी मराठी शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक बाई प्राध्यापक लागतेच, आणि माझी मुलं मोठी झालेली, नवरा समजूतदार, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. बेसबॉलमध्ये पळतात कुठून कुठं, हे कळायलाच मला एक हंगाम लागला. सर बुटके, मान उन्हानं रापलेली, आणि पायात कॅनव्हासचे पांढरेशुभ्र बूट. मैदानावर रेषा आखायची फक्की असते ना, तीच ओली करून ते बुटांना फासायचे. बूट वाळेपर्यंत स्टाफरूमच्या खिडकीत ठेवलेले असायचे, आणि आमच्या डब्यांवर फक्की उडायची. यावरून मी त्यांच्याशी किती वेळा भांडले असेन, पण बूट काही खिडकीतून हलले नाहीत. शिट्टी गळ्यात असायची, पण ती त्यांनी वाजवलेली मी क्वचितच ऐकली. मुलींना बोलवायचं तर नुसत्या दोन टाळ्या. त्यांच्याजवळ स्टीलचा एक डबा असे, त्यात गूळ आणि शेंगदाणे. संघ हरला की तो डबा फिरायचा. सहज जिंकला तर मुलींनी कितीही मागितलं तरी तो पिशवीतून बाहेर यायचा नाही.

एका वर्षी जवळच्याच गावात एक स्पर्धा होती. चषक माणसाच्या कमरेएवढा, आणि येणारे संघ सगळे नवखे. मुली हरखल्या होत्या. सरांनी त्या स्पर्धेला नकार कळवला आणि त्याच रविवारी आम्हाला पुण्याला एका तगड्या क्लबच्या संघापुढं नेऊन उभं केलं. त्या मुलींनी आमच्या मुलींना अक्षरशः झोडपलं. परतीच्या गाडीत निम्म्या मुली रडत होत्या आणि त्यांना कुशीत घेऊन माझा खांदा भिजला होता. सर पुढच्या सीटवर डबा उघडून बसले होते, चेहरा एखाद्या लग्नाहून निघाल्यासारखा.

"सर, जरा तरी वाईट वाटू द्या," मी म्हणाले.

"कशाचं वाईट मॅडम? त्या कमरेएवढ्या चषकानं या जिथं होत्या तिथंच राहिल्या असत्या. आज वर गेल्या."

तेव्हा मला हा माणूस फार मोठा वाटला होता. अजूनही त्या रविवारपुरता वाटतो.

त्यांच्या या खुळाला पुढं एक पद्धत सापडली. अमेरिकेत कॉलेजांचे बेसबॉल संघ शेकड्यांनी असतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्य नसतं. मग कोण वर आणि कोण खाली, हे नुसते किती सामने जिंकले यावरून ठरवत नाहीत. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते स्वतः किती जिंकले, आणि ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले, हेही धरतात. सरांनी हे कुठंतरी वाचलं आणि त्यांची झोपच उडाली. आपल्या मनातली गोष्ट सातासमुद्रापार कुणीतरी गणितात बसवलीय, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्या आठवड्यात बुटांना फक्की लावायचंही ते विसरले.

आमच्या भागातल्या कॉलेजांची खेळाची एक समिती आहे. हंगामभर संघ आपापसांत ठरवून सामने खेळायचे आणि शेवटी वरचे दोन संघ पुढच्या फेरीला जायचे. सगळ्यात जास्त सामने जिंकलेले ते वरचे, एवढा साधा नियम. त्यामुळं काही हुशार कॉलेजं लिंबूटिंबू संघ गाठून विजय गोळा करायची. नगरच्या बैठकीत सरांनी नवी पद्धत मांडली. मीही होते. सगळे खेळाचे सर चहा पीत कंटाळून ऐकत होते.

"लेकीला स्थळ बघता तेव्हा काय करता?" सर म्हणाले. "मुलाचा पगार बघता. पण त्याच्या दुप्पट त्याचं घर बघता, आईबाप बघता. आणि त्यांचे सोयरे कोण, तेही विचारता का नाही? तसंच हे. आपला निकाल एक भाग, समोरच्यांचे निकाल दोन भाग, त्यांच्या समोरच्यांचे एक भाग. चार भागांची बेरीज करायची."

लोक हसले. एक जण म्हणाला, "सर, लई किचकट हाय हो." दुसरा म्हणाला, "करू द्या, सातपुते सरच करतील आकडेमोड." ती पद्धत मंजूर झाली. कुणाला कळली नव्हती म्हणून कुणी विरोध केला नाही.

पुढच्या हंगामात ती सगळ्यांना कळली. सर निकाल आले की क्रमवारी काढून सगळ्या कॉलेजांना मोबाईलवर पाठवायचे आणि कुणाचा नंबर का हलला, हे फोनवर उत्साहानं समजावून सांगायचे. त्यातून लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. जो संघ सारखा हरतो, त्याच्याशी खेळणं हाच तोटा. त्याला हरवलं तरी आपला आकडा खाली येतो. मग सोपा उपाय होता. त्याच्याशी खेळायचंच नाही.

असा संघ एकच होता. सोनईच्या पुढं, नेवासे तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजचा. तो संघ उभा केला होता वैशालीनं. वैशाली ही सरांचीच विद्यार्थिनी. आमच्या कॉलेजात असताना ती कॅचर होती, बॅटवालीच्या मागं बसून चेंडू झेलणारी. डाव्या हाताचं एक बोट चेंडू लागून वाकडं झालेलं, ते तसंच राहिलं होतं. पुढं शिकून ती त्या कॉलेजात तासिकेवर खेळाची बाई म्हणून लागली. तिचा संघ मी सुरुवातीला एकदा पाहिला. दोघींच्या हातात क्रिकेटच्या कीपरचे ग्लोव्ह्ज, आणि एक मुलगी शेवटपर्यंत आलीच नाही, कारण घरी कांद्याची लागवड चालली होती. आठ जणींत सामना होत नाही, म्हणून त्या न खेळताच हरल्या. तरी परत जाताना टेम्पोत गाणी म्हणत होत्या. वैशाली आमच्याकडं बघून हात हलवत होती आणि सर मला सांगत होते, "हिचं डोकं बघा मॅडम. आपल्याकडची सगळ्यात शहाणी पोरगी होती ही."

हंगाम संपत आला तेव्हा ती दुपारची स्टाफरूममध्ये आली. सोनईहून एस.टी. बदलत बदलत आली होती. सरांनी खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

"सर, आमची एक मॅच कमी पडतीय," ती म्हणाली. "ठरलेल्या मॅचेस झाल्या नाहीत तर समिती संघ धरत नाही. आणि संघ धरला नाही तर आमचे अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षी बेसबॉल बंद."

"आणि तू?"

"मी बेसबॉलसाठीच आहे ना सर. तो बंद तर मी पण बंद."

"बाकीच्या कॉलेजांना विचारलंस?"

"सगळ्यांना. आमच्याशी खेळलं की नंबर खाली जातो म्हणतात." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुम्हीच समजावून दिलंय ना सर सगळ्यांना."

सरांनी माझ्या टेबलाकडं पाहिलं, मग खिडकीकडं. आमचा संघ तेव्हा दुसरा होता. तिसरा संघ अगदी पाठीला लागलेला.

"वैशाली, तुम्ही एकही मॅच जिंकलेली नाही," ते म्हणाले. "आम्ही तुम्हाला हरवलं तरी तिसऱ्या नंबरावर जातो. पुढं दोनच जातात."

"माहीत आहे सर. मी पण मांडून बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. आता तुमच्याशिवाय विचारायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून आले. पोरी लई आशेवर आहेत."

सर उठून उभे राहिले. "माझ्या पोरी वर्षभर राबल्यात गं. त्यांना काय सांगू मी?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, खेळा की एक सामना. तुमचीच पोरगी आहे ती."

"मॅडम, तुम्ही यात पडू नका," ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी ते तेवढं एकदाच तसं बोलले.

वैशाली म्हणाली, "बरोबर आहे सर तुमचं." शिपायानं आणलेला चहा तिनं उभ्या उभ्याच प्यायला, कप नळाखाली विसळून ठेवला आणि ती गेली. मी गेटापर्यंत तिच्याबरोबर गेले. तिला मुलींना काय सांगायचं याची काळजी पडली होती. मला सरांचा मनापासून राग आला, आणि तो आजही गेलेला नाही. पण हेही खरं की आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, शेवटच्या वर्षाला होती, तिचीही ती एकच संधी होती, आणि तिच्या आईबापांसमोर उभं राहायचं कुणी, हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

आमचा संघ दुसरा राहिला आणि पुढच्या फेरीला गेला. तिथं पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. समोरचा संघ भारी होता, मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या होत्या, सरांच्या हिशोबानं हे सगळं चांगलंच. पण त्या दिवशी गूळ-शेंगदाण्याचा डबा उघडला नाही. मुलीही मागायला गेल्या नाहीत.

चैत्रात सरांच्या गावची जत्रा असते. त्या वर्षी त्यांनी आम्हा चार-पाच जणांना रात्रीच्या जेवणाला बोलावलं आणि त्याआधी दुपारी कुस्त्यांच्या हगाम्याला नेलं. सरांचे वडील, नाना, तेव्हा ऐंशीच्या पुढचे असतील. गावातल्या हगाम्यात जोडी लावायचं काम त्यांचं. आलेल्या पैलवानाची मान बघायची, दंड दाबून बघायचा, आणि त्याच्या तोडीचा गडी त्याच्यापुढं उभा करायचा. हाताला हात लावून दिला की हलगी कडाडायची. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून मोठ्या कुस्त्यांपर्यंत नाना एकाही जोडीत चुकले नाहीत, असं लोक सांगत होते.

हगामा संपत आला तेव्हा लांबच्या गावचा एक तरणा गडी उशिरा आला. बेताच्या अंगाचा, कपडेही बेताचे. हात वर करून तो आखाड्याभोवती फिरला, पण त्याच्या जोडीचं कुणी उरलंच नव्हतं. लोक म्हणाले, आता राहू द्या, शेवटची मोठी कुस्ती लावा. नानांनी हलगी थांबवली. वस्तीवर मोटरसायकल पाठवून त्यांनी कुठलासा एक गडी शेतातून आणवला, त्याला लंगोट चढवायला लावला, आणि तोवर सगळी जत्रा खोळंबून बसली. ती कुस्ती काही बघण्यासारखी झाली नाही. दोघं झटापट करून बरोबरीत सुटले. तरी आलेला गडी खूश होऊन गेला.

घरी ओसरीवर बसल्यावर नानांनी सहज विचारलं, "तुज्या त्या खेळात जोड कोन लावतं रं?"

"मीच लावतो नाना," सर म्हणाले. "म्हणजे आता माझं गणित लावतं."

"मंग बिगर जोडीचं कोनी ऱ्हातं का न्हाई?"

"राहतं," सर म्हणाले. "यंदा राहिलं."

"लांबून आलं हुतं?"

"व्हय."

आतून सूनबाईंनी ताटं घेतल्याची हाक मारली. सर जेवायला उठले, पण पानावर नुसते बसून होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच सोनईच्या पुढच्या त्या कॉलेजात गेले. जाऊन काय करणार होते, त्यांनाही माहीत नसावं. हंगाम संपला होता, संघ धरला गेला नव्हता. मैदानाच्या निम्म्या भागात कॉलेजच्या बस लावायला सुरुवात झाली होती. शिपायानं सांगितलं, वैशाली बाई सुप्याला कुठल्याशा कंपनीत लागल्या, पॅकिंगला. बेसबॉलच्या मुलींपैकी दोघींची लग्नं ठरली होती, बाकीच्यांचं त्याला माहीत नव्हतं. परत येऊन सरांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, गणितात चूक कुठं आहे, सांगा."

मी म्हणाले, "मला गणित कळत नाही सर. पण ती मुलगी आपली होती."

त्यांनी मान खाली घातली. मी एवढं कडू बोलायला नको होतं असं वाटलं, पण शब्द परत घ्यावासाही वाटला नाही.

पुढचा सगळा हंगाम ते एका दुरुस्तीच्या मागं होते. प्रत्येक संघाला ठरलेले सामने मिळालेच पाहिजेत, ते समितीनं लावून द्यायचे, आणि कच्च्या संघाला हरवल्यानं कुणाचा आकडा घसरणार नाही. त्यांनी ते सगळं गणितात नीट बसवलं होतं. हंगाम संपल्यावर नगरला बैठक झाली. आधी क्रमवारी वाचली गेली. आमचा संघ पहिला होता. मग सरांनी दुरुस्ती मांडली.

"सर, चांगलं चाललंय की," एक जण म्हणाला. "तुमचीच तर पद्धत आहे, आणि तुमचाच पहिला नंबर. आता कशाला हात लावता?"

"त्या नेवाशाकडच्या कॉलेजचा संघ बुडाला," सर म्हणाले.

"बुडायचाच होता सर तो. एक मॅच जिंकत नव्हता."

सरांनी पुन्हा समजावायला सुरुवात केली, तेव्हा लोक उठून चहाकडं गेले. पद्धत आता सगळ्यांना समजली होती, म्हणून ती कुणालाच बदलायची नव्हती. माझ्याकडं गाडी होती. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, सुप्यापर्यंत येता? फार वेळ नाही घेणार."

आम्ही पोचलो तेव्हा पाळी सुटायची वेळ झाली होती. कंपनीच्या गेटासमोर बस उभ्या होत्या. सर गाडीतून उतरून गेटाच्या बाजूला उभे राहिले. पायात तेच पांढरे बूट, आणि समोरून निळ्या कपड्यांतल्या बाया लोंढ्यानं बाहेर पडत होत्या. त्यांना वैशाली ओळखू आली नाही. तिनंच ओळखलं. डोक्याची जाळीची टोपी काढत ती पळत आली.

"सर, तुम्ही इकडं कुठं?"

"तुलाच भेटायला आलो." येताना रस्त्यानं ते काहीतरी जुळवत होते, मला दिसत होतं. त्यातलं काहीच त्यांना आठवलं नसावं. "त्या वेळी मी मॅच द्यायला हवी होती," एवढंच ते म्हणाले.

"जाऊ द्या हो सर. तुमचं बरोबरच होतं. आमचा संघ कच्चाच होता."

"कच्चा होता म्हणून तर द्यायला हवी होती."

मागून कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तिनं वळून पाहिलं आणि घाईघाईनं विचारलं, "आपला संघ कसा आहे सर? यंदा कितवा आला?"

सरांना उत्तर द्यावं लागलं. "पहिला," ते म्हणाले.

तिचा चेहरा फुलला. त्यात काही खोटं नव्हतं, मी जवळून पाहिलं. तिला खरंच आनंद झाला होता. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि पाया पडायला खाली वाकली. सर झटकन मागं सरले. तिचा हात त्यांच्या बुटांना न लागता रस्त्यावर टेकला. तिनं तोच हात कपाळाला लावला आणि ती बसकडं पळत गेली. बस निघून गेली, गेट बंद झालं, तरी सर मागं सरले होते तिथंच उभे होते, आणि मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही.